सरळ विणलेला पाय

खरं सांगते. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

आणि हो, ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. मागच्या दिवाळीनंतर धानाची कापणी चालू होती, तेव्हाची. गाव कोंढा, तालुका पवनी, जिल्हा भंडारा.

मी दामिनी. आमचं घर कोष्ट्यांचं. नवरा संजीव कोशाचं, म्हणजे रानातल्या रेशीमकिड्याच्या रेशमाचं, कापड विणतो. सासूबाई, शेवंताबाई, कोशातून धागा काढून मांडीवर वळतात. माझी तृप्ती तेव्हा नुसती रांगत होती.

आमचा माग खड्ड्याचा. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि खालच्या दोन पावड्या आळीपाळीनं दाबतो.

खट... खट. खट... खट.

त्या आवाजावर आमची चूल पेटते. विणणाऱ्याचा एक पाय गेला, की माग गेला.

तर भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेवर एका भय्याजीनं हॉटेल टाकलं. पैसा आला, अक्कल वाटेत राहिली. त्याला भिंतीवर लावायला जग जिंकणारा बादशाह पाहिजे होता. तोही कोशात विणलेला, माणसाएवढा! मोबाईलवर चित्र घेऊन आला. खाली मुंडक्यांचा ढीग, त्यावर तलवार धरून उभा... तैमूरलंग.

"भय्याजी, हा तं लंगडा होता," मी म्हटलं. "लंग म्हंजेच लंगडा. दिल्ली लुटली, मुंडक्यांचे ढीग रचले. कारागीर तेवढे जिवंत ठेवले अन् समरकंदले हाकलत नेले. असा माणूस जेवणाऱ्याच्या डोक्यावर कायले टांगता?"

"वहिनी, रुबाब पाहा ना रुबाब!"

रुबाब म्हणे! स्वतःला सुईत दोरा ओवता येत नसेल, म्हणून दुसऱ्यांचे हात पळवून नेले. दरोडेखोरच तो. फक्त घोडे जास्त होते, म्हणून बादशाह.

पण काम मोठं होतं. संजीवनं घेतलं.

आता कोष्ट्याची एक खोड ऐका. डावा काठ जसा, तसाच उजवा. जरा फरक दिसला, की त्याला चैन पडत नाही. कापड खालून वर विणत जातात. आधी मुंडकी झाली, मग पाय. चित्रातला उजवा पाय गुडघ्यात वाकडा आणि वाळलेला होता. संजीवच्या हातानं सवयीनं उजवा पाय डाव्यासारखाच घातला. सरळ, भरदार. विणलेलं कापड गुंडाळीत गेलं, आणि मला ते दिसलंच नाही.

मग वर पगडी विणून होत आली, तेव्हा एका दुपारी मी चुलीपाशी होते, आणि मागाचा आवाज बदलला...

खट... घस्स.

खट... घस्स.

"काय झालं जी?" मी आतून विचारलं.

"काई नाई. पायाले मुंग्या आल्या."

दुसऱ्या दिवशी तो खड्ड्यातून बाहेर आला तो भिंत धरून. उजवा पाय मागून ओढत होता. भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, सुई टोचून पाहिली. हाड चांगलं, नस चांगली. दोष कशातच नाही, म्हणाले.

दोष नाही, मग पाय का वाळत चालला होता?

मी रात्रंदिवस रडले. खोटं कशाला सांगू? नवरा पस्तिशीचा, हातात दुसरी कला नाही, कडेवर लेकरू. सासूबाई देवाला नवस बोलून बोलून थकल्या.

आणि मग ती दुपार आली.

संजीव अंगणात निंबाखाली खाटेवर पडला होता. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. तृप्ती माझ्या मांडीवर. मागाची खोली रिकामी. सकाळीच मी तिथे शेणानं सारवून काढलं होतं.

आणि आतून पावलं वाजली...

धप. धप. धप. धप.

दमदार. दोन्ही पायांची सारखी.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात पुरुष एकच. तो समोर खाटेवर होता, आणि त्याला दोन्ही पायांनी चालता येत नव्हतं.

तृप्तीला सासूबाईंकडे देऊन मी आत गेले.

कुणी नव्हतं.

पण ओल्या सारवणावर जोडे उमटले होते. दारातून नाही, थेट मागापासून निघालेले. खोलीभर फिरून ते खड्ड्याच्या काठाशी थांबले होते. संजीवच्या बसायच्या जागेकडे तोंड करून.

गुंडाळी आपोआप सुटली होती. कापड जमिनीपर्यंत लोंबत होतं.

तेव्हा मी तो पाय पाहिला. भय्याजीनं मोबाईलवर पाठवलेल्या चित्राशी ताडून पाहिला. अंगातली भीती कुठल्या कुठे गेली, आणि असा संताप आला म्हणून सांगू!

"वा रे बादशाह!" मी ओरडले. "जग जिंकलं म्हणते, अन् एका कोष्ट्याचा पाय चोरते? थू तुझ्या तोंडावर! लंगडा होतास, लंगडाच राहा."

संजीवला विचारलं, तो रडायलाच लागला. "मुद्दाम नाई केलं वं... डाव्यासारखाच हात चालला."

विणलेलं उसवायचं, तर वरून खाली यावं लागतं. आधी डोकं, मग छाती, मग तलवार. दिवाळीपासूनची मेहनत. मी आणि सासूबाई तिथंच बसलो आणि एकेक रंगीत धागा ओढून काढला. त्याच्या पगडीचा धागा काढताना मला जो आनंद झाला, तो काय सांगू!

आम्ही कमरेच्या खाली आलो, तसे पाठीमागे पावलांचे आवाज सुरू झाले...

धप. धप.

"पाहू नको, बाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

मांडी गेली. गुडघा गेला.

धप... घस्स.

धप... घस्स.

घस्स...

मग काहीच नाही. आणि अंगणातून संजीव ओरडला, "दामिनी! माह्या पायाले मुंग्या आल्या वं!"

चार दिवसांत तो पुन्हा खड्ड्यात बसला. भय्याजी येऊन तोंडाला येईल ते बोलून गेला. पुढे त्यानं फ्लेक्स छापून लावला. आता जगज्जेत्याच्या खाली लोक चिकन हाणतात आणि त्याच्याच मिशीवर पाल बसते. बरं झालं.

इथं गोष्ट संपायला हवी होती.

"हा धागा जाळून टाका," मी सासूबाईंना सांगितलं होतं. "जाळतो," म्हणाल्या. पण कोशाचा धागा, तोही स्वतःच्या मांडीवर वळलेला. कोष्ट्याची बाई तो जाळेल? मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

उन्हाळा लागला. तृप्ती भिंत धरून उभी राहायला लागली. एका दुपारी सासूबाईंनी तिला नवं झबलं घातलं, पायात तोरड्या घातल्या आणि मला हाक मारली, "पाह्य वं, पोरगी चालून राहिली!"

मी हसत हसत बाहेर आले.

छुम... घस्स.

छुम... घस्स.

उजवा पाय ओढत, लेकरू माझ्याकडे हात पसरून येत होतं. झबल्याला रंगीत किनार होती...

आणि मागाच्या खोलीत... धप. धप. धप.

मी ते झबलं अंगावरून फाडूनच काढलं आणि चुलीत घातलं. तृप्ती भोकाड पसरून रडली. सासूबाई डोकं धरून बसल्या. संध्याकाळी पोरगी पुन्हा उभी राहिली. दोन्ही पायांवर.

दिल्ली लुटणारा म्हणे! दूध पिणाऱ्या लेकराचा पाय मागायला आला, भिकारडा.

पण झबल्याच्या किनारीला धागा लागतो किती? मूठभर. आम्ही तर टोपलीभर उसवला होता.

"मामीजी, बाकीचा कुठी आहे?" मी सासूबाईंना विचारलं.

त्यांनी रिकामी टोपली पुढे केली. "शेल्याच्या काठाले लावला, बाई. इकले गेले ते. बाजारात."

कुणी घेतले, कोणत्या गावी गेले, आम्हाला माहीत नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरी रंगीत काठाचा कोशाचा शेला आला असेल आणि कुणाचा पाय जड झाला असेल, तर विचार करत बसू नका. जाळा.

तृप्ती आता घरभर पळते. मी चुलीपाशी असते, आणि बाहेरून तोरड्या वाजतात.

छुम...

दुसरं छुम येईपर्यंत मला श्वास घेता येत नाही.