मकासरहून रांतेपाओ, नऊ तास

ताडी ओता, पण मध्ये बोलू नका. उद्या त्याच रस्त्यानं गाडी न्यायचीय तुम्हांला, म्हणून सांगतो. पासुलु ड्रायव्हर माझा सख्खा मेहुणा. एरवी थापाड्या, पण हे सांगताना एक शब्द इकडचा तिकडे करत नाही.

पाच ऑगस्ट, मंगळवार. मकासरच्या दवाखान्यात रांते आजोबांचा श्वास थांबला. हल्लीची पोरं विसरतात, म्हणून सांगतो : विधी होईपर्यंत माणूस आजारीच, मेला म्हणायचं नाही. त्याला जेवण वाढायचं, त्याच्याशी बोलायचं. वाटेनं आणताना घरच्या माणसानं जवळ बसायचं, पूल आला, वळण आलं की सांगायचं. नाहीतर तो वाट चुकतो.

मुलगा युस्तुस. त्यानं परतीची विमानाची दोन तिकिटं, आपलं आणि आजोबांचं, आधीच काढली होती. म्हाताऱ्यानं विमान आतून कधी पाहिलं नव्हतं. नर्सला रोज सांगायचा, जाताना मी उडत जाणार. आता त्या छोट्या विमानात शवपेटी कोण घेणार?

युस्तुस पासुलुला म्हणाला, "विमानानं पन्नास मिनिटं, रस्त्यानं नऊ तास. मी सकाळच्या सातच्या विमानानं जाऊन घरी तयारी बघतो. वाट तू सांग त्यांना."

पासुलु कबूल झाला. आजोबांच्या बायकोनं, बुंगा आजीनं, घरून फोनवर एवढंच सांगितलं होतं, की त्यांना वाटेत एकटं पाडू नका. मला युस्तुसचा तेव्हाही राग आला होता, आजही येतो.

रात्री दहाला चौघांनी पेटी चढवली. दोऱ्या पासुलुनंच आवळल्या. एनरेकांगपर्यंत तो इमानानं बोलत राहिला. पुढे घाटात, अडीच वाजता, दरड. ट्रकांची रांग. एका ट्रकवाल्यानं विचारलं, तुला घाई नाही का? पासुलुच्या जिभेला हाड नाही.

"मेलेल्याला कसली घाई?"

बोलून गेला...

साडेतीनला रस्ता मोकळा झाला. तोवर चढावर कण्हणारी गाडी आता सरसर चढायला लागली. रिकामी असल्यासारखी.

"आजोबा, पूल आला."

...

"आजोबा, वळण."

...

त्यानं गाडी थांबवली. मागचं दार उघडलं. पेटी जागेवर. दोऱ्या तशाच. एका हातानं ढकलली.

दोरी ताणेल तेवढी सरकली.

पुढचा सगळा रस्ता तो रडत बोलत राहिला. चुकलो म्हणाला. मागे कुणी नव्हतं. पाठीला कळतं ते.

नऊला घरी पोचला तो थेट बुंगा आजीसमोर गुडघ्यांवर बसला. "आजी, मी त्यांना वाटेत हरवलं."

आजी शांत होती. "तुला उशीर झाला. ते मघाशीच आले, युस्तुसबरोबर."

लोकांना वाटलं, दुःखानं भ्रमिष्ट झाली. युस्तुसनं मात्र मग खरं सांगितलं. विमानात शेजारची जागा रिकामी होती, पण पन्नास मिनिटं त्याच्या खांद्यावर ओझं होतं. कुणी डोकं टेकून झोपावं तसं.

पेटी उतरवायला पुन्हा चौघं लागले. पासुलुनं आपल्याच हातानं आपल्याच गाठी सोडल्या. आजीनं पेटी उघडून आजोबांच्या खिशातून एक कागद काढला. विमानात चढताना फाडून देतात, तो अर्धा तुकडा. बुधवार, सकाळी सात. आजोबांचं नाव.

जागा खिडकीची होती.