लिफ्ट बंद असताना

ताईच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली होती, आणि धाकटी तळमजल्यावर बाबागाडी धरून उभी होती. गाडीत ताईचं तान्हं बाळ गाढ झोपलेलं. जिना उभा, आणि घर थेट वरच्या मजल्यावर.

धाकटी फिजिओथेरपिस्ट होती. ताईच्या बाळंतपणासाठी क्लिनिकमधून रजा काढून ती या परक्या शहरात आली होती. येणारेजाणारे तिच्याकडे बघून गोड हसत, हवा किती छान आहे म्हणत, आणि आपल्या वाटेनं निघून जात.

"माणसं आहेत की पुतळे!" ती पुटपुटली.

"पुतळे नाहीत गं... न विचारता हात लावलेला इथं आवडत नाही कुणाला," लिफ्टच्या उघड्या दारातून आवाज आला. पाठोपाठ मेकॅनिक बाहेर आला. कपाळावर ग्रीसचा पट्टा, डोळे मात्र निवांत. "गाडी मी उचलते. चालेल?"

"उचलते?" धाकटीला हसू आवरेना.

तो कानापर्यंत लाल झाला. जन्म इथलाच, वडलांची भाषा वेगळी. मराठी फक्त आईकडून मिळालेली, त्यामुळे आई बोलायची तस्संच तो बोलायचा.

"उचलतो म्हणायचं," ती म्हणाली. "आणि हो, चालेल. पण आधी हात पूस."

लिफ्टचा एक भाग बाहेरून मागवावा लागला. काम लांबलं, तशा भेटीही लांबल्या.

"गुरुवारी माझ्याबरोबर चहा घेशील?" एकदा त्यानं विचारलं.

"आज सोमवार आहे!"

"म्हणून तर आत्ता विचारतोय."

"आमच्याकडे चहा विचारतात ना, तेव्हा आधण उकळायला लागलेलं असतं."

तरी गुरुवारी ती गेली. मग जातच राहिली. रस्ता रिकामा असला तरी तो सिग्नल हिरवा होईपर्यंत थांबायचा; ती अर्ध्यापर्यंत जाऊन ओशाळून परत यायची. बसमध्ये ती मोठ्यानं बोलू लागली की पुढची डोकी हळूच वळायची.

"हात धरला तर चालेल?" बागेतून परतताना, भुरभुर पावसात, त्यानं विचारलं.

"हे कुणी विचारतं का?"

"मग कळतं कसं?"

"कळतं..." ती दुसरीकडे बघत म्हणाली. हात मात्र तिनं पुढे केला.

तिच्या परतीची तारीख ठरली. तिनं ती त्याला सांगितली. तो म्हणाला, "प्रवास नीट होऊ दे."

बस्स, एवढंच. धाकटी घरी येऊन ताईवरच घसरली. "चहाला तीन दिवस आधी विचारणारा माणूस! आणि याबद्दल तोंडातून एक शब्द नाही!"

"मग तू विचार," ताई बाळाला थोपटत म्हणाली. "माझ्यावर कशाला ओरडतेस?"

जायच्या दिवशी तो बॅगा उतरवायला आला. भावजी टॅक्सी बघायला खाली गेले होते. धाकटीनं त्याला जिन्यातच गाठलं.

"मी चाललेय. तुला काहीच वाटत नाही?"

"खूप वाटतं... पण तुझं काम तिकडे, बाबा तिकडे. थांब म्हटलं तर तुझ्यावर ओझं—"

"अरे, ओझं वाटलं तर मी नाही म्हणेन की! तोंड आहे मला."

"ते माहीत आहे," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की रागातही तिला हसू फुटलं. मग बॅग खाली ठेवून त्यानं विचारलं, "मला तू हवी आहेस. थांबशील?"

हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. आता उत्तर तिलाच द्यायचं होतं.

"नाही," ती हळूच म्हणाली. "बाबा एकटे आहेत. पण... तू ये ना. पुढच्या सुटीत. बाबा वय विचारतील, पगार विचारतील, शेजारच्या काकू येऊन तेच परत विचारतील. घाबरू नकोस."

"येतो," तो म्हणाला.

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. टॅक्सीत बसून तिनं दार लावून घेतलं, तसा तो काचेपाशी वाकला.

"तुझ्या बाबांना... अरे म्हणायचं की अहो?"

"अहो!" तिनं घाईघाईनं काच खाली केली. "अहो म्हण हं, विसरू नकोस. नाहीतर सगळंच मुसळ केरात!"

टॅक्सी निघाली. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून ओठांतल्या ओठांत "अहो बाबा, अहो बाबा" घोकत होता. आणि धाकटी मागच्या काचेतून ते बघत, रडता रडता हसत होती.