न केलेली दुरुस्ती

ते एकोणीसशे सत्याऐंशी साल. निपाणीत तंबाखूचा हंगाम ऐन भरात होता आणि आमच्या गल्लीत ज्याला त्याला शिंका येत होत्या.

शेजाऱ्यांचा टीव्ही दुरुस्त करायला बेळगावच्या खडेबाजारातून एक मेकॅनिक आला होता. नाव रवळू, मूळचा खानापूरकडचा. तो आमच्या दारावरून परत चालला होता, आणि नेमका तेव्हाच भावानं मस्कतहून पाठवलेला कॉम्प्युटर बंद पडला. टीव्हीला जोडायचा लहानसा डबा तो. पडद्यावरची अक्षरं सैरावैरा धावली आणि गोठली. मी धावत बाहेर गेले आणि... त्याला हाक मारली.

त्यानं वायरी बघितल्या, बटण दाबलं. चालू!

तो गेला आणि अर्ध्या तासात पुन्हा बंद.

मग दर रविवारी हेच. तो यायचा, हात लावायचा, यंत्र चालायचं. मजुरी घ्यायचा नाही, चहा तेवढा घ्यायचा — आणि कपावरून माझ्याकडे बघायचा.

माझे वडील, आप्पा, तंबाखूच्या वखारीत मुकादम. माणसं पारखण्यात आयुष्य गेलेलं.

"माले, ह्यो गडीच कायतरी बिघडवून जातोय. फुकट कोण येतंय गं एवढ्या लांबनं? आता परत बंद पडलं तर उंबऱ्याच्या आत घ्यायचा न्हाय त्याला."

मलाही तसंच वाटू लागलं होतं. वाईट ह्याचं, की रविवार आला की मी केसात अबोली माळत होते. एका लबाडासाठी!

पुढच्या रविवारी मी त्याच्या बोटांवरून नजर हलवली नाही.

"असं काय बघतायसा?"

"चोरी पकडतेय."

"सापडली?"

"न्हाय. खरं सांगा, तुम्हीच बिघडवताय न्हवं?"

तो हसला नाही. "देवाशपथ, बिघडवलेलं न्हाय... पण दुरुस्तबी केलेलं न्हाय."

"म्हंजे?"

"धूळ बसू नये म्हणून आप्पा चालू यंत्रावर धोतराची घडी घालत्यात. आतली गरमी बाहेर जाईना, की ते गोठतंय. मी आलो की घडी काढत्यात, तेवढ्यात गार हुतंय. दुसऱ्या खेपंलाच कळलंतं मला."

"मग सांगितलं न्हाय का?"

"सांगितल्यावर... पुढच्या रविवारी कशाला येऊ?"

माझे कान तापले. राग आला, आणि — आणखीही काहीतरी.

"हे आत्ता आप्पांना सांगा. न्हाय सांगितलं तर मला तुमचं तोंड बघायचं न्हाय."

"हाकललं म्हंजे?"

"हाकलू देत. खरं बोलून तरी जाल."

तो बाहेर सोप्यात आप्पांकडे गेला. सगळं सांगितलं... कशासाठी येत होता, तेसुद्धा. मी दाराआड कान देऊन उभी. मग आप्पांची एक दणदणीत शिंक.

"म्हंजे माझा संशय खरा हुता तर! लबाड हैस, पर कच्चा हैस. जा, वडलांना घेऊन ये."

वैशाखात आमचं लग्न झालं. भाऊ मस्कतहून परतला आणि संकेश्वरला स्थायिक झाला. कॉम्प्युटर दोन वर्षांनी कायमचा बंद पडला, रवळूंनाही दाद दिली नाही त्यानं. आप्पा पुढं आमच्याकडेच राहिले, जावयाशी रोज भांडले आणि शेवटचं पाणी त्यांच्याच हातून प्यायले.

मी हे लिहितेय आणि पलीकडे रवळू तोंडावर पेपर घेऊन झोपलेत. झोपलेत म्हणे... मला संशय आहे.