पायऱ्यांचे मार्क

बोर्ली पंचतनच्या झेरॉक्सच्या दुकानात कल्पिता तिच्या क्लाससाठी ‘हमखास यशाचे अकरा उपाय’ या पत्रकाच्या चाळीस प्रती काढत होती. त्यातले आठ उपाय तिने स्वतः कधी केले नव्हते, तरी बी.एड.ला ती पहिली आली होती.

“‘पहाटे उठून अभ्यास करावा’...” मागून कुणीतरी वाचलं. “पहाटं मी बोटीवर असतो, मॅडम. जाळ्यातल्या माकुलांना वाचून दाखवू?”

तो दीपेश. दिघीचा खलाशी, वय सत्तावीस. हातात दहावीची चौथी गुणपत्रिका – गणितात एकोणीस. गणित सुटलं तर गुजरातेत कांडला बंदरात टगबोटीवर कायमची नोकरी. नाहीतर मामाची बोट आणि मामाचेच टोमणे.

तो क्लासला आला. तिसऱ्या दिवशी मधूनच उठला.

“कुठे निघालात?”

“आज षष्ठी. साडेचारला भरती.”

“कसं काढलंत?”

“तिथीची पाऊणपट. सहाचे साडेचार. त्यात काढायचं काय?”

तिने अपूर्णांकांचं गणित घातलं. चार सेकंदांत उत्तर. बाकी पान कोरं.

“पायऱ्या कुठायत?”

“उत्तर बरोबर हाय ना?”

“बोर्डाला पायऱ्या लागतात.”

“भरतीला न्हाय लागत.”

मग सहा महिने पायऱ्या. रुसलेल्या आत्याची समजूत काढावी तशा तो त्या लिहायचा. वहीला डिझेलचा वास यायचा... तपासून झाली तरी कल्पिता ती लवकर परत देत नसे.

फेब्रुवारीत तिच्या लक्षात आलं – आपण जितकं नीट शिकवू, तितका हा लवकर जाईल. एखादी पायरी राहिली तर कुणाला कळणार होतं? एका गुरुवारी तिने हा विचार शेवटपर्यंत करून पाहिला. शुक्रवारी भूमिती घेतली, एकही पायरी न गाळता.

निकाल लागला. एक्केचाळीस. दीपेश पेढे घेऊन आला.

“मंगळवारी निघतो.”

“छान.”

“बस? छान?”

“अभिनंदन.”

तो दारात घुटमळला. “मला तुम्ही आवडता. तिकडं गेल्यावर फोनवर सांगणार होतो, पण... तिथं रेंज न्हाय म्हणतात.”

कल्पिताने पेढ्याचा कागद घडी घालघालून अगदी लहान केला.

“बाहेरून आर्ट्सची बारावी कर,” ती म्हणाली. “केंद्र इथलंच घे. परीक्षेला सुट्टी काढून यावं लागेल.”

“पण आर्ट्सला गणित नसतं ना? मग तू शिकवणार काय?”

“शिकवणार नाही,” ती म्हणाली. “वाट बघणार.”