एका नखापायी

"तुमच्या टबातलं पाणी माझ्या बुटांत पडतंय," दारात उभा असलेला तो म्हणाला.

बाहेर भुरभुर पाऊस होता. खाली बुटांचं दुकान, वर आमचा नखांचा क्लास. मी पाय भिजवायचा टब लवंडला होता, आणि वर तोंड फुगवून बसले होते. परीक्षेला आपापल्या ओळखीचे पाय आणायचे असतात. वहिनीनं पाय कबूल केले आणि खुशाल माहेरी निघून गेली. पाय नाहीत तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर पार्लरमधली नोकरी नाही. मी त्याच्याकडे बघितलं. खरं सांगते, आधी पायांकडेच. मग डोळ्यांकडे... आणि तिथेच घोटाळा झाला.

माफी मागायची सोडून मी म्हणाले, "तुमचे पाय द्याल का?"

तो हसला. जन्मभर लोकांचेच पाय धरत आलोय, म्हणाला, माझे आजवर कुणी मागितले नव्हते.

मग रोज दुपारी दुकान बंद करून तो जिना चढायचा. उजव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी असायची, खोका पडला म्हणे. म्हणून मी डाव्या पायावरच मालिश शिकत होते. बोटांच्या टोकांनी अलगद धरलं की तो गुदगुल्यांनी खुर्चीतून घसरायचा. "गुदगुल्या त्याच्या पायात नाहीत, तुझ्या बोटांत आहेत," मॅडम म्हणाल्या. भीत भीत धरलं की असंच होतं, अख्खा तळहात टेकव. मी टेकवला. टाचेपासून बोटांकडे, तळव्याच्या खोलगट भागात अंगठा फिरवत... त्याचं हसू थांबलं. माझंही. खिडकीवर पाऊस वाजत राहिला आणि तेल माझ्या हातात कोमट होत गेलं.

पाठ व्हावं म्हणून मी धडा मोठ्यानं म्हणायचे. नख जन्मतं ते कातडीखालच्या मुळात, मुळाजवळ दिसते ती फिकट चंद्रकोर, आणि नख ज्यावर टेकतं ती नखशय्या. हा शब्द ऐकून स्वारी कानापर्यंत लाल झाली. पुस्तकात असलं काही लिहितात का, त्यानं विचारलं. पुढचे शब्द याहून वाईट आहेत, असं मी बेधडक ठोकून दिलं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मात्र दोन्ही पाय हवे होते. मी पट्टी सोडवली. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, कडेनं भुगा होऊन नखशय्येवरून सुटलेलं. बुरशी असावी. रोग ठरवणं आमचं काम नाही, पण असं नख दिसलं की हात लावायचा नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. हा तर पहिलाच धडा.

"लाल रंग लावा की वरून," तो हळूच म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"वेडा आहेस का तू? दुखणं वाढू दे आणि मी वरून रंग फासू? खड्ड्यात गेली परीक्षा."

तोंडून 'तू' निसटलं तशी मी जीभ चावली. तो मोजा चढवून खाली गेला.

परीक्षा माझ्याशिवाय झाली. आता पुढच्या तुकडीबरोबर. आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेतलास, असं वहिनीनं फोनवर ऐकवलं. मी खूप रडले, पण परीक्षेसाठी नाही हो... आता तो कशाला जिना चढेल?

त्या आठवड्यात मी खालून जाताना दुकानाकडे बघितलंही नाही. आणि एका दुपारी तो आला. पायात उघड्या चपला, अंगठ्यावर औषध.

"बुरशीच आहे," तो म्हणाला. "नवं नख पुरतं यायला वर्ष तरी जाईल. तोवर हे पाय तुमच्या कामाचे नाहीत."

"मग पट्टी का बांधलीत? आधी सांगितलं असतंत तर मी दुसरे पाय शोधले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं." तो जमिनीकडे बघत होता. "मला यायचं होतं... पायांसाठी नाही. तुमची परीक्षा बुडवली मी. चुकलंच."

मी काय काय सुनावायचं ठरवलं होतं. ते राहिलं बाजूला, मी त्याच्यापुढे खुर्ची सरकवली.

त्यानं मान वर केली. "वर्षभर... थांबशील?"

त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलेलं ते 'तू' माझ्या अंगातून नखशिखांत फिरून आलं.

"नख येईल तेव्हा येईल," मी म्हणाले. "तू मात्र उद्यापासून रोज ये."