आधी कंपनीला कळलं

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर परतीचा पाऊस असा काही कोसळला, की शेडखालच्या माणसांनी ओळखदेख नसताना एकमेकांना जागा करून दिली. सेजल उतेकर ओढणी डोक्यावर धरून मंगेशच्या चहाच्या टपरीत शिरली आणि दिसलं त्या बाकड्यावर टेकली. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. कुरळे केस, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या... आणि शेजारचा चहा कधीचा गार झालेला.

दुसऱ्याच्या पडद्यात डोकावू नये, हे सेजलला कळत होतं. पण त्या पडद्यावर चांदण्यांचा पिरॅमिड होता. वर एक चांदणी, खाली तीन, त्याखाली पाच. आणि तो पिरॅमिड डावीकडून भिंतीसारखा सरळ, उजवीकडे घसरलेला! चुकलेला प्रोग्राम समोर दिसला की सेजलची जीभ तिच्या ताब्यात राहत नसे.

"डावीकडची मोकळी जागा दर ओळीला कमी व्हायला हवी," ती म्हणाली. "तुमच्या लूपमध्ये ती तेवढीच राहतेय."

त्याने मान वर केली. आधी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बरोबर," तो म्हणाला. "ती चूक मी मुद्दाम ठेवलीय."

"मुद्दाम?"

"प्रश्न आहे तो. चूक शोधा, असा. वाटलं होतं, चहा संपेपर्यंत तरी कुणाला सापडायची नाही."

सेजलचे कान तापले. पण माघार घेणं तिच्या रक्तात नव्हतं. "मग जरा अवघड चूक ठेवायची," ती म्हणाली, आणि मंगेशला एक चहा सांगितला.

तो मनापासून हसला. ऋत्विक पार्टे त्याचं नाव. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, पण काम बहुतेक घरूनच. घर आंबेनळी घाट सुरू होण्याआधीच्या फाट्यावर. "घरी रेंज येत नाही," तो म्हणाला, "म्हणून शनिवारी इथं येऊन बसतो."

सेजल महाडच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला होती. महाडहून पोलादपूर, आणि पोलादपूरहून डोंगरावरच्या वाडीत जाणारी दुसरी एसटी. ही दुसरी एसटी स्वतःच्याच मर्जीची. आली तर आली. त्या वाडीतून कॉम्प्युटर शिकायला बाहेर पडलेली ती पहिलीच मुलगी. तिचे वडील महिपती मुंबईत एका इमारतीत लिफ्टमन म्हणून उमेदीची वर्षं घालवून गावी परतलेले. लोक त्यांना विचारत, "पोरगी कंपूटर शिकून काय करनार हाय रं?" त्यावर ते ताठ मानेने सांगत, "जे तुमाला कळनार नाय, ते."

ही ताठ मान सेजलने वडिलांकडून जशीच्या तशी घेतली होती.

पुढच्या शनिवारी पाऊस नव्हता. तरी सेजल टपरीत शिरली. ऋत्विकने तिच्यासाठी बाकडं रुमालाने पुसून ठेवलं होतं, आणि आपण ते पुसलंच नाही अशा थाटात तो लॅपटॉपमध्ये बघत होता.

"आज कसली चूक ठेवलीय?" तिने विचारलं.

"आज चूक नाही. आज डिझाइन पॅटर्न."

सेजलने तोंड वाकडं केलं. "आमच्या सरांनी ते वाचून दाखवले फक्त. नावं पाठ आहेत, डोक्यात काही शिरलं नाही."

"सोपं आहे. तीच ती अडचण सगळ्यांनाच पुन्हा पुन्हा येते. जुन्या जाणत्यांनी त्यावर शोधलेली वाट म्हणजे पॅटर्न." त्याने स्टँडकडे बोट केलं. "ते बघा. गाडी आली का, हे प्रत्येक माणूस उठून विचारायला गेला तर काय होईल?"

"खिडकीवर झुंबड."

"म्हणून कंट्रोलर माइकवरून एकदाच सांगतो. ज्याला हवं त्याने कान द्यायचा. हा झाला ऑब्झर्व्हर."

सेजलच्या डोळ्यांत काहीतरी लखकन चमकलं. "आणि चौकशीची खिडकी सगळ्या स्टँडला मिळून एकच, तो सिंगलटन!"

"अगदी! एकच असतो. कुणी कितीही मागितला तरी दुसरा मिळत नाही... तोच परत हातात येतो."

"प्रोग्राममध्ये ठीक आहे. माणसांत नसतं असं काही."

"असतं," ऋत्विक म्हणाला. मग घाईघाईने गार चहा तोंडाला लावला. "म्हणजे... असावं."

सेजलने पिशवीत उगाच काहीतरी शोधायला सुरुवात केली. तिची एसटी आली, माइकवर नाव पुकारलं गेलं, आणि दोघांपैकी एकालाही ते ऐकू आलं नाही. मंगेशने ओरडून सांगितलं तेव्हा ती धावली.

मग शनिवार ठरूनच गेले. ती त्याला आपल्या प्रोजेक्टबद्दल सांगायची. भाताच्या पानाचा फोटो दाखवला की त्यावर करपा पडलाय की पान निरोगी आहे, हे ओळखणारा प्रोग्राम. वाडीतल्या सगळ्या खाचरांत फिरून तिने फोटो काढले होते. बोलताना तिचे हात हवेत पानं रेखाटायचे, आणि ऋत्विक त्या हातांकडे बघत राहायचा.

"ऐकताय ना?"

"शब्दन् शब्द."

"मग मी शेवटी काय म्हटलं?"

"...परत एकदा सांगा."

एका शनिवारी मंगेश ग्लास ठेवता ठेवता म्हणाला, "ऋत्विकभाऊ, वायफाय नीट चालतंय ना घरी? माझा भाऊ विचारत होता. त्यानंच डबा बसवलाय तुमच्याकडं."

सेजलने हातातला ग्लास बाकड्यावर ठेवला.

"वायफाय?" सेजलने एकेक अक्षर सावकाश उच्चारलं. "घरी?"

ऋत्विकचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "ते... नवीनच आहे."

"गणपतीच्या आधी बसवलं की!" मंगेश म्हणाला आणि आपलं काय चुकलं ते न कळून स्टोव्हकडे वळला.

सेजल हसू दाबत होती. आतून मात्र काहीतरी अलगद उमलत होतं. ही गंमत पुढे कुठवर ताणायची याचा ती विचार करत असताना तिला कॉलेजातली बातमी आठवली. "अहो, आमच्याकडे पुण्याची कंपनी येतेय, मुलाखती घ्यायला." तिने कंपनीचं नाव सांगितलं.

ऋत्विकने लॅपटॉप मिटला.

"ती आमचीच कंपनी," तो हळूच म्हणाला. "कॉलेज कुठलं ते मला कालच कळलं. मी इथलाच, म्हणून मुलाखत घेणाऱ्यांत माझंही नाव आहे. आणि हे प्रश्न... त्यासाठीच काढत होतो."

सेजलचं हसू मावळलं. "म्हणजे तो पिरॅमिड? ते सगळे डिझाइन पॅटर्न?"

"हो. पण मी प्रश्न बदलतो ना—"

"नुसते प्रश्न बदलून भागणार नाही." तिने चहाचा ग्लास बाजूला सारला. "तुम्ही तिथे बसू नका. मी निवडले गेले आणि उद्या कुणी म्हणालं, हिची आधीच ओळख होती... तर माझे बाबा वाडीत कुठल्या तोंडाने बोलतील? मला ही नोकरी हवीय, ऋत्विक. खूप हवीय. पण माझ्या जिवावर."

"तुझ्याच जिवावर मिळेल," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'तू' आलं आणि ते दोघांनाही कळलं. "मी बाजूला होतो."

"आणि निकाल लागेपर्यंत आपण भेटायचं नाही. बोलायचं नाही. फोनसुद्धा नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. डोंगर चढून आल्यावर माणूस जसं खालचं खोरं डोळे भरून बघतो, तसं काहीसं होतं.

"कबूल," तो म्हणाला.

त्यानंतरचे शनिवार रिकामे गेले. सेजल टपरीकडे न बघता स्टँडच्या दुसऱ्या टोकाला उभी राहायची. आणि नेमकं त्याच दिवसांत तिच्या प्रोजेक्टचं दिवाळं वाजलं. भर दुपारी ती खाचरात गेली, करप्याने पार डागाळलेल्या पानाचा फोटो काढला, आणि प्रोग्राम म्हणाला, पान निरोगी आहे! दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. तेच. ती बांधावर डोकं धरून बसली. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. रोगट पानांचे सगळे फोटो तिने कॉलेजला जाण्याआधी, सकाळी काढले होते. दवाने भिजलेल्या पानांचे. निरोगी पानांचे काढले होते दुपारी. बिचारा प्रोग्राम रोग ओळखायला शिकलाच नव्हता. तो दव ओळखायला शिकला होता!

बांधावर एकटीच बसून ती हसायला लागली. हे सगळ्यात आधी ज्याला सांगावं, त्यालाच सांगायचं नव्हतं. फोन हातात घेतला, नाव काढलं... आणि फोन पुन्हा पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवसापासून तिने सकाळ, दुपार, ऊन, सावली अशा सगळ्या वेळांचे फोटो नव्याने काढायला घेतले. तुळसा, तिची आई, म्हणाली, "त्याच पानांचं किती फोटू काडशील गो? लग्न हाय का त्यांचं?"

मुलाखत कॉलेजच्या लायब्ररीत झाली. टेबलापलीकडे अंकिता दळवी मॅडम आणि त्यांचे एक सहकारी होते. ऋत्विक नव्हता. त्याच्या रिकाम्या जागेनेच सेजलला धीर आला.

बसण्याआधी तिने विचारलं, "मॅडम, आजचे प्रश्न कोणी काढलेत?"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मी स्वतः. काल संध्याकाळी. का?"

"काही नाही. खात्री करून घेतली."

चांदण्यांचा पोकळ पतंग छापायला सांगितला, तो तिने कागदावर लिहून दिला. डिझाइन पॅटर्नच्या एका प्रश्नावर ती अडखळली, "हे मला येत नाही" असं सरळ म्हणाली. मग गाडी फोटोंतून पॅटर्न ओळखण्यावर आली, आणि तिने करप्याची, दवाची, फसगतीची सगळी हकीकत सांगितली.

"नव्या फोटोंवर आता बरोबर उत्तरांचं प्रमाण आधीपेक्षा कमी दिसतं," ती म्हणाली. "पण आता तो खरंच पान बघतो."

"जुना आकडा दाखवला असतास तर आम्हाला कळलं नसतं," मॅडम म्हणाल्या.

"मला कळलं असतं ना. आणि ती चूक मी शोधलीय, मॅडम. तिचाच मला जास्त अभिमान आहे."

मॅडमनी आणि सहकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. काही लिहिलं नाही, नुसतं पाहिलं.

चार दिवसांनी निकाल लागला. यादीत सेजल उतेकर हे नाव होतं. सरांनी तिला ऑफिसात बोलावून फोन हातात दिला. पलीकडे दळवी मॅडम होत्या.

"अभिनंदन, सेजल. आणि एक गोष्ट तुला माझ्याकडूनच कळावी, म्हणजे पुढे मनात किंतु राहणार नाही. आमच्यातला एक जण मुलाखतीला बसणार होता. आपण होऊन बाजूला झाला. माझे प्रश्नही वापरू नका म्हणाला. कारण विचारलं तर म्हणतो, येणाऱ्यांपैकी एका मुलीवर माझं प्रेम आहे. नाव काही केल्या सांगेना. म्हणे, सांगितलं तर तुम्ही तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघाल." मॅडम हसल्या. "तुझी निवड होईपर्यंत आम्हीही पुन्हा नाव विचारलं नाही. पण प्रश्न कोणी काढले, असं मुलाखतीला आलेल्या दुसऱ्या कुणीच विचारलं नव्हतं."

सेजल वडिलांना फोन करणार होती. पण तिने केला नाही. पोलादपूरला उतरली, महाबळेश्वरच्या एसटीत चढली आणि घाटाआधीच्या फाट्यावर उतरली. विचारत विचारत खाचरांपाशी पोचली तेव्हा तिच्या चांगल्या चपला चिखलात बुडाल्या होत्या. भाताची कापणी चालू होती. पिवळ्याधमक शेतात ऋत्विक गुडघ्यापर्यंत पँट दुमडून, हातात विळा घेऊन वाकला होता. शेजारी त्याची आई मैना आणि भावकीतल्या बायका.

"ऋत्विक!" तिने बांधावरून हाक मारली.

तो उभा राहिला. विळा खाली गेला. "निकाल...?"

"लागला. झाली निवड. पण ते नंतर." ती कमरेवर हात ठेवून उभी होती. "जे मला सांगायचं, ते आधी कंपनीला सांगतात?"

बायकांचे विळे थांबले.

"अगं... मुलाखतीआधी तुला सांगितलं असतं तर ते तुझ्या डोक्याला ओझं झालं असतं," तो म्हणाला. "आणि तुझी अट होती ना. नंतर सांगणारच होतो."

"नंतर म्हणजे कधी?"

"कापणी उरकली की."

एक बाई खुदकन हसली. सेजलला हसू येत होतं, पण तिने ते येऊ दिलं नाही. "आता सांग."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"कंपनीसमोर नाही लाजलास!"

ऋत्विकने घाम पुसला, तर कपाळभर चिखल लागला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे, सेजल," तो म्हणाला. आवाज आधी हळू होता, मग नीट मोकळा झाला. "तू मला बाजूला हो म्हणालीस ना, त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला, की घरी जाताना फाटा मागे पडला तरी कळलं नाही. पार घाटात जाऊन उतरलो."

सेजलच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "आणि माझा प्रोग्राम नापास झाला तेव्हा मी फोन हातात घेऊन बसले होते," ती म्हणाली. "तुलाच सांगायचं होतं. दुसरं कुणी सुचलंच नाही... यावरून काय ते समज."

मैनाबाई कंबर सरळ करत पुढे आल्या. "कोनाची गो तू बाय?"

"महिपती उतेकरांची."

"कंपूटरवाली?" त्यांनी तिला डोक्यापासून चिखलातल्या चपलांपर्यंत न्याहाळलं, मग लेकाच्या हातातला विळा काढून घेतला. "जा. तिला घरापरत सोडून ये. शेत काय पळून जात नाय."

वाडीत पोचेपर्यंत उन्हं कलली होती. महिपती अंगणात भाताच्या पेंढ्या रचत होते. सेजल पुढे झाली. ऋत्विक कुंपणाच्या दारात, बेड्यापाशीच थांबला.

"बाबा, दोन बातम्या आहेत."

महिपतींचे हात थांबले. "लागली नोकरी?"

"लागली. माझ्या जिवावर."

त्यांनी पेंढी खाली ठेवली, टोपी काढली, झटकली, पुन्हा डोक्यावर नीट बसवली. वाडीकडे तोंड करून क्षणभर नुसते उभे राहिले, जणू सगळ्यांनी घराबाहेर येऊन बघावं. मग घसा खाकरून म्हणाले, "आन दुसरी?"

सेजलने मागे वळून पाहिलं. महिपतींनीही पाहिलं. कुरळ्या केसांचा, कपाळाला चिखल लागलेला, अवघडून उभा असलेला तो तरुण.

"तुळसा," महिपतींनी घरात हाक दिली, "पानी आन गो. दुसऱ्या बातमीचं पाय चिखलानं भरल्यात."