किटलीतला काळा थर

"छाया, लगेच ये. ही माझी किटली नाही." फोनवर इस्लाबाई.

शुक्रवार, दुपारचे चार. आखातातल्या सिलिकॉन ओएसिस वसाहतीत, इस्लाबाईंच्याच टॉवरमध्ये छाया दोन मजले खाली राहायची. जाहिरात कंपनीत प्रूफं वाचायची. म्हणजे लोकांच्या चुका शोधण्याचाच तिला पगार होता. चपला अडकवून ती निघाली.

इस्लाबाई मॅकरे खुर्चीत ताठ बसलेल्या. मूळच्या स्कॉटिश, अॅबरडीनच्या, वय एक्याऐंशी. समोर चांदीची किटली. शेजारी पुतण्या फर्गस, हातात मोबाईल. दाराशी झुबेदा; नऊ वर्षं लांबच्या रोल्ला भागातून रोज बसने येऊन हे घर सांभाळणारी. डोळे सुजलेले.

"झुबेदाविरुद्ध पोलीस कंप्लेंट टाईप केली आहे," फर्गस म्हणाला. "पाठवायची बाकी आहे."

कंप्लेंट गेली की झुबेदाचा व्हिसा खलास. रत्नागिरीत लेकीचं, सुमैय्याचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं.

"जरा थांब," छाया म्हणाली. "इस्ला, नक्की कशावरून?"

"पोचा नाही. माझ्या पणजीच्या पणजीची ही किटली. तेव्हा पाद्री चर्चमध्ये सांगायचा, चहा पिणाऱ्या बायका आळशी होतात. तो दाराशी आला म्हणून तिने घाईत लपवली, आपटली. तो पोचा माझ्या अंगठ्याला रोज लागतो."

छायाने झाकण उघडलं. आत काळाकुट्ट थर.

"साबण लावत नाही?"

"स्कॉटिश घरात? तो थर म्हणजे किटलीची अब्रू."

म्हणजे नक्कल करणाऱ्याला थराचीही माहिती होती.

"नेहमीसारखा चहा करा बघू."

इस्लाबाईंनी आधी उकळतं पाणी ओतून किटली गरम केली, गोल फिरवली, पाणी वाडग्यात ओतलं. पाण्यावर तेलकट पापुद्रे तरंगले. वेलचीचा वास आला.

फर्गसने झुबेदाकडे बघितलं. "मसाला चाय. या घरात कोण पितं?"

"मी पिते," झुबेदा म्हणाली. "माझ्या स्टीलच्या टोपात."

"काल कोणाकोणाचा हात लागला?" छायाने विचारलं.

"रोनितदादा फोटो काढत बसलेले. मग मी विसळून कपाटात ठेवली. फर्गससाहेब घरातच असतात."

"तू ती विकायला सांगत होतास ना, फर्गस?"

"हो. आंटीने अॅबरडीनला परत यावं म्हणून. चोरून नेण्यासाठी नाही."

तळमजल्यावरचा रोनित महिनाभर इस्लाबाईंच्या चहाच्या आठवणी रेकॉर्ड करत होता. बोलावल्यावर कॅमेऱ्याची बॅग घेऊनच आला. "काय ताई, एव्हरीथिंग ओके?"

"रोनित, इथला चहा कसा असतो रे?"

"मस्त. आपल्यासारखाच, दूधवाला. वेलची तेवढी नसते."

"करताना बघितलास कधी?"

"नाही हो. मी लाइट लावेपर्यंत कप हातात येतो."

छायाने वाडगा त्याच्यासमोर सरकवला.

"ही साय आहे. इथे दूध आधी कपात जातं, किटलीत कधीच नाही. फर्गसला नक्कल काळी करायची असती तर त्याने नुसता कोरा चहा वापरला असता. किटलीत दूध घालायला त्याचा हातच धजला नसता. झुबेदा नऊ वर्षं ही किटली विसळते, तिलाही हे पाठ. किटलीत दूध असतं असं फक्त त्यालाच वाटेल, ज्याने भरलेला कपच पाहिला. थराबद्दल इस्ला तुला रेकॉर्डिंगमध्ये बोलल्या. सगळ्या बाजूंनी फोटो तुझ्याकडे, त्यावरून नक्कल झाली. पोचा फोटोत दिसला नाही. मग तू घरचा उरलेला चहा तिच्यात रोज भरून ठेवलास. विसळलीस, पण तोटीच्या जाळीतली साय काही निघाली नाही. काल फोटोच्या वेळी अदलाबदल. झुबेदाने विसळली ती हीच नकली."

रोनित खाली बसला. "एक कलेक्टर मागे लागला होता. किटली गाडीत आहे. आळ इंडियन लेडीवर येईल असं मला नव्हतं वाटलं, ताई."

"वाटायला हवं होतं. वेलची तुझी होती, बोट तिच्याकडे गेलं."

फर्गस त्याच्यासोबत खाली जाऊन किटली घेऊन आला. इस्लाबाईंचा अंगठा पोच्यावर बसला आणि तिथेच राहिला.

"सॉरी, झुबेदा," फर्गस म्हणाला.

"सॉरी ठेवा. त्या फोनमधलं माझं नाव माझ्यासमोर पुसा."

त्याने स्क्रीन तिच्यापुढे धरली आणि नाव पुसलं. झुबेदाने चष्मा लावला, इंग्रजी एकेक अक्षर लावत वाचलं.

"चौथ्या ओळीतही आहे," ती म्हणाली.